३१ मार्च आणि आमच्या दोन शिक्षिका

बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे मार्चअखेरची धावपळ मला नवी नाही. पण निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं मी ठाण्यात वागळे इस्टेट भागातल्या एका छोट्या संस्थेची खजिनदार आहे, आणि इथला मार्च बघून दरवर्षी जीव कासावीस होतो. किती दिवस मनात होतं, आज लिहितेच.

लोकमान्यनगरच्या डोंगराकडच्या वस्तीत आम्ही शाळाबाह्य मुलांचे दोन वर्ग चालवतो. शेजारच्याच खोलीत घरकाम करणाऱ्या आणि नाक्यावर कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. वर्गांना सरकारी अनुदान मिळतं, पाळणाघर देणग्यांवर चालतं. अनुदान कुठल्या कार्यालयातून येतं ते इथे लिहीत नाही. तिथली माणसंसुद्धा वरून निधी कधी सुटतोय याचीच वाट बघत असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंजुरीचं पत्र जूनमध्ये हातात पडलं, आम्ही लगेच वर्ग सुरू केले. मुलं काही कोषागाराकडे बघून शाळेबाहेर राहात नाहीत. जुलै गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. दर पंधरा दिवसांनी फोन केला की एकच उत्तर, ‘मॅडम, बीम्सवर अजून निधी दिसत नाही.’ बीम्स म्हणजे सरकारी निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली. डिसेंबरात सांगितलं, अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे जादा खर्चाच्या मागण्या, मंजूर झाल्यावर बघू. फेब्रुवारीत सांगितलं, सुधारित अंदाजात कपात झालीय. आणि २७ मार्चला दुपारी खात्यात पैसे आले. मंजूर रकमेच्या जवळपास निम्मे. सोबत निरोप, पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र ३१ तारखेच्या आत द्या.

चार दिवस. त्यात सर्वांत जिव्हारी लागलं ते पुढचं. निधी जमा होण्याच्या तारखेआधीचा खर्च ग्राह्य धरता येणार नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. म्हणजे दोन शिक्षिकांनी जून ते मार्च शिकवलं, त्याचं मानधन त्या पैशातून काढता येईना. ‘साहित्य घ्या ना, दप्तरं घ्या, कपाट घ्या,’ असं एका सद्गृहस्थांनी मनापासून सुचवलं. आम्ही ते केलं. पैसे परत गेले असते तर पुढच्या वर्षी ‘मागचा निधी अखर्चित’ असा शेरा बसला असता. वर्गात चाळीस नवी दप्तरं आली, एक गोदरेजचं कपाट आलं. शिक्षिकांचे पैसे आम्ही पाळणाघरासाठी आलेल्या देणग्यांतून दिले, तेही हप्त्याहप्त्याने. त्यातली एक जण त्या वर्षी मुलीची क्लासची फी भरू शकली नाही. तिने मला हे सांगितलं नाही, दुसरीने सांगितलं.

हिशेब बघता बघता माझ्या लक्षात आलं की ही एका वर्षाची चूक नाही. आपल्या अर्थसंकल्पांना वस्तू दिसतात, माणूस दिसत नाही. इमारत, यंत्र, दप्तर, टॅब यांना लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात स्वतःचं वेगळं खातं असतं. वस्तीत घरोघर जाऊन ‘तुमचा पोरगा आज का आला नाही’ विचारणारी बाई कागदावर प्रशासकीय खर्च ठरते, आणि कात्री लागली की पहिली तिलाच लागते.

केंद्राच्या पाळणाघर योजनेचंच बघा. पूर्वी या योजनेत खर्चाचे ९० टक्के केंद्र द्यायचं आणि १० टक्के संस्था घालायची. २०१७ मध्ये हे प्रमाण केंद्र ६०, राज्य ३०, संस्था १० असं झालं. कागदावर संस्थेचा वाटा तेवढाच राहिला. प्रत्यक्षात एका दाराऐवजी दोन दारांत उभं राहायची वेळ आली, आणि एका दाराने उशीर केला की दुसरंही अडणार. त्यात, २०२२ मध्ये ही योजना बदलेपर्यंत, मानधन कार्यकर्तीला महिना ३,००० रुपये आणि मदतनिसाला १,५०० होतं. पाळणाघर साडेसात तास उघडं ठेवायचं, महिन्यात २६ दिवस, पंचवीस मुलं. भागाकार करून बघितला, कार्यकर्तीला तासाला पंधरा रुपये आणि काही पैसे पडत होते. पंचवीस तान्ही आणि रांगती लेकरं सांभाळायची ही किंमत कोणत्या टेबलावर ठरली असेल, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही.

शालेय पोषण आहाराचंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला स्वयंपाकाच्या साहित्याचा खर्च ५ रुपये ४५ पैसे ठरला, आणि तो थेट १ डिसेंबर २०२४ ला ६ रुपये १९ पैसे झाला. मधली दोन वर्षं तेल, डाळ, कांदा थांबले होते का? शहरातल्या मोठ्या स्वयंपाकघरांतून संस्था आणि बचत गटच हे शिजवतात. दर थांबला की भार त्यांच्यावर जातो, नाहीतर ताटातली डाळ पातळ होते.

आता देणग्यांचं. हा भाग फारसा कुणी बोलत नाही, म्हणून मला तो सविस्तर लिहायचाय.

आमच्यासारख्या संस्थेला बिनशर्त पैसा फक्त छोट्या देणगीदाराकडून मिळतो. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, प्रकल्पाला बांधलेला असतो, सरकारी अनुदान लेखाशीर्षाला. नौपाड्यातले एखादे काका पाडव्याला पाच हजारांचा चेक देतात, तो कशालाही वापरता येतो, आणि आम्ही तो पगाराला वापरतो. आयकराच्या ८०जी कलमाखाली या देणगीची साधारण निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची. २०२० च्या अर्थसंकल्पात नवी करप्रणाली आली, तिच्यात ही सवलत नाही. २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू होणारी ठरली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिच्यात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, मलाही मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘ताई, पावती लगेच मिळेल ना?’ असे फोन यायचे, ते थांबलेत. माणसं वाईट झालेली नाहीत. करासाठी का होईना, वर्षातून एकदा आमची आठवण यायची, ते निमित्त गेलं. दिल्लीत १ फेब्रुवारीला घेतलेला निर्णय लोकमान्यनगरच्या पाळणाघराच्या दारापर्यंत असा येतो.

परदेशी निधीचं एका वाक्यात सांगते. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेकडून आम्हाला त्यातला थोडा वाटा मिळायचा, २०२० च्या कायदादुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा निधी देणंच बंद झालं.

लाडकी बहीण योजनेवर मला सावधपणे बोलायचंय. आमच्या दोन्ही शिक्षिकांना ते १,५०० रुपये मिळतात आणि त्यांच्या घरात त्या पैशाला फार किंमत आहे. राज्याने २०२५-२६ साठी या योजनेला ३६,००० कोटींची तरतूद केली. त्याच काळात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी तिकडे वळवला गेला, आणि सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. पण माझा मुद्दा वेगळा आहे. हप्ता मागेपुढे होतो, पण खात्यात येतो, थेट बाईच्या नावाने. म्हणजे सरकारला लाखो खात्यांत दरमहा पैसे पाठवता येतात. मग त्याच बाईने महिनाभर मुलांना शिकवलं, त्याचं मानधन दरमहा तिच्या खात्यात का जाऊ नये? ते संस्थेमार्फत, कोषागारामार्फत, वर्षअखेरीलाच का यावं?

एक गोष्ट आपल्या शहरांबद्दल. नवी मुंबईत मे २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली. त्यानंतरचे अर्थसंकल्प वर्षानुवर्षं प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. महिला व बालकल्याणाचा, दिव्यांगांचा ठरावीक टक्के निधी कशावर गेला, हे सभागृहात उभं राहून विचारायला कुणी नव्हतं. तीन हात नाक्याच्या पुलाखालची, सिग्नलवरच्या मुलांसाठीची सिग्नल शाळा ठाणे महापालिकेनेच एका संस्थेला सोबत घेऊन २०१६ मध्ये उभी केली. करायचं ठरवलं तर होतं, ते आपण ठाणेकरांनी बघितलंय.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. अनुदानाचा निदान मानधनाचा भाग तिमाहीला द्या, आणि मंजुरीच्या तारखेपासूनचा खर्च ग्राह्य धरा. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. मी हे पत्र लिहून तीन ठिकाणी दिलंय, पोचपावत्या माझ्याकडे आहेत. ठाणे, नवी मुंबईतल्या इतर संस्थांच्या खजिनदारांनी आपापल्या निधीच्या तारखा, मंजुरी कधी आणि जमा कधी एवढ्याच, मला कळवा. सगळ्या एकत्र लावून चौथं पत्र द्यायचंय.