अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून काय झालं?

बेळगावच्या शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे. गेल्या दोन महिन्यांत एकच फॉरवर्ड निदान दहा जणांनी मोबाईल पुढे करून मला दाखवला. वर गुलाबाचं फूल, खाली ‘आई-वडिलांवर प्रेम असेल तर पुढे पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: विसरणं वयाचंच, त्याला डॉक्टर नको. रोज उपाशीपोटी चमचाभर खोबरेल तेल आणि पाच अक्रोड. एक शब्दकोडं. बीपीच्या गोळ्यांनी मेंदू सुकतो, त्या बंद करा. कानाच्या मशीननं कान आळशी होतो. आणि म्हाताऱ्यांच्या डोक्याला ताण नको, त्यांना नुसतं बसू द्या.

हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी गोळी खरंच बंद केली. तीन आठवड्यांनी बीपी मोजला, वरचा आकडा 190. म्हणून मी गोळीपासूनच सुरू करतो, फॉरवर्डचा क्रम राहू दे बाजूला.

बीपी वर्षानुवर्षं चढलेला राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, काही बुजतात. दर वेळी लकवा मारतोच असं नाही. इवलीशी जागा मरते, घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि अशा जागा साठत जातात. चीनमधल्या 326 खेड्यांत जवळपास 34 हजार माणसांवर चार वर्षं चाललेला एक प्रयोग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत तिथल्याच गाव-डॉक्टरांनी गोळ्या, पाठपुरावा आणि घरच्या घरी मोजणं, अशा मार्गानं बीपी नीट आटोक्यात ठेवला. त्या गावांत स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी आढळला. मोठी इस्पितळं नाहीत, महागडी मशीनं नाहीत. आपल्या आशाताईंच्या हातून होण्यासारखं काम आहे हे. गोळीनं चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या. म्हाताऱ्या माणसाचा बीपी फार उतरला तर तो पडतो, हेही खरं. पण मनानं बंद करू नका.

जाता जाता मिश्रीचं बोलतो. निपाणीच्या तंबाखूवर इकडची कितीतरी घरं उभी राहिली, त्यामुळे मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. काकूंनी गोळी सोडली, मिश्री चालूच होती. निकोटिननं बीपी चढतो, मग ते ओढलेलं असो नाहीतर दातांना लावलेलं.

आता कान. वडगाव-खासबागेत ज्यांची उमर कापड विणायच्या मागावर गेली, त्यांच्याशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो. त्या खडखडाटात कान जातात हे तिकडच्या पोरासोरालाही ठाऊक आहे. पुढचं मात्र लक्षात येत नाही. माझ्या ओळखीचे एक मामा आहेत, चाळीस वर्षं मागावर. आधी कट्ट्यावर बसायचे बंद झाले, मग लग्नकार्यातून लवकर उठायला लागले, मग घरात विचारलं एक, उत्तर भलतंच. सून म्हणाली, मामंजी भ्रमिष्ट झाले. तपासलं तर निम्मी गोष्ट कानाची निघाली. ऐकू येत नाही तेव्हा मेंदूपर्यंत काही पोचतच नाही, आणि जे पोचतं ते उलगडण्यातच सगळी ताकद जाते. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर तीन वर्षं झालेल्या अभ्यासाचा निकाल 2023 मध्ये आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीनचा फरक दिसला नाही, हे लपवत नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. मशीननं कान आळशी होतो ही समजूत कुठून आली तेही सांगतो. पहिले काही आठवडे ताटातला चमचासुद्धा कानात वाजतो. माणूस वैतागतो, मशीन कपाटात जातं. चिकाटी लागते, आणि परत जाऊन मशीन जुळवून घ्यावं लागतं. त्याआधी कानात मळ तर साठला नाही ना, तेवढं बघा. मोतीबिंदूलाही हाच न्याय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्यासारखे 14 धोके मोजले, त्यात बहिरेपणाबरोबर उपचार न केलेलं अधू डोळ्याचं दुखणंही आहे.

‘विसरणं वयाचंच’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. साठीपुढच्या शंभर भारतीयांमागे सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, म्हणजे बाकीच्या नव्वदांवर लोकांना नाही. चष्मा कुठं ठेवला आठवेना, हे चालायचंच. पण रोजच्या गल्लीत वाट चुकली, आमटीत दोनदा मीठ पडलं, सुट्ट्या पैशांचा हिशेब जमेना, तर दाखवायला हवं. कारण काही विसरभोळेपणा बरा होतो. बी-बारा कमी असणं, थायरॉईड, उदासी, न्हाणीत पडल्यावर कवटीत हळूहळू साठलेलं रक्त. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा बी-बारा उतरू शकतो. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या काही जुन्या गोळ्याही डोकं गढूळ करतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, शेजारणीनं दिलेल्यासुद्धा. आणि दोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला तर ते वय नसतं, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

अक्रोड खुशाल खा, परवडत असतील तर. मेंदूसारखे दिसतात म्हणून मेंदूला चांगले, तर मग राजमा मूत्रपिंडाला म्हणायचा का? खोबरेल तेलानं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि तेच 2024 च्या यादीत नव्यानं आलंय. माझ्या दुकानातही मेमरी टॉनिकच्या बाटल्यांची एक फळी आहे, विकतो मी त्या. पण त्यातल्या गिंकोचंच, म्हणजे एका झाडाच्या पानांच्या अर्काचं, उदाहरण बघा: तीन हजारांवर ज्येष्ठांना सरासरी सहा वर्षं देऊन पाहिलं, 2008 मध्ये निकाल लागला, स्मृतिभ्रंश काही टळला नाही.

शब्दकोडं आवडतं तर सोडवा. फिनलंडमध्ये 1260 जणांना दोन वर्षं जे दिलं त्यात डोक्याचा व्यायाम होता, पण सोबत चालणं-व्यायाम, आहार आणि बीपी-शुगरवर लक्षही होतं. फरक माफकच दिसला, पण तो या सगळ्याचा मिळून.

राहिलं ‘नुसतं बसू द्या’. पोरं पुण्याला, बेंगळूरला. म्हातारा-म्हातारी खोलीत टीव्हीसमोर. एकटेपणा आणि हालचाल नसणं, दोन्ही त्याच यादीत आहेत. हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या चमूनं स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले, 2013 ची गोष्ट. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. हे निरीक्षण आहे, हमी नव्हे. सगळीकडच्या अभ्यासांत ते तसंच उतरलेलं नाही. तरी आमच्याकडं दोन भाषांवरून एवढी भांडणं होतात, आणि इथली आजी मात्र घरात मराठीत रागावते, खडेबाजारात कन्नडमध्ये भाव पाडते. तिच्या गुडघ्यांची दया येऊन नातवानं भाजी ऑनलाईन मागवायला सुरुवात केली, की दोन्ही बोलणी बंद.

एक काळजी मात्र घ्या. स्मरणशक्तीची तपासणी आजीच्या भाषेतच व्हायला हवी. वार, महिना, उलटे आकडे परक्या भाषेत विचारले तर चांगली शहाणी बाईही नापास होते. निम्हान्स ही बेंगळूरची मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था आणि कर्नाटक सरकार यांनी 2022 पासून मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम चालवलाय. जिल्हा रुग्णालयात ब्रेन हेल्थ क्लिनिकची चौकशी करा, आणि मराठी-कन्नड दोन्ही येणारं माणूस बरोबर न्या.

काकूंची गोळी परत सुरू आहे. मिश्रीचा विषय काढला की त्यांना ऐकू येत नाही.