‘रात्री थरथरून जाग येते? अँक्झायटीच!’ हे निदान कुणी केलं?

एक मेसेज बराच फिरतोय. ‘रात्री तीनच्या सुमारास अंग थरथरून जाग येते? घाबरू नका, ती अँक्झायटीच. तपासण्यांवर पैसे घालवू नका. शुगर उतरलेली असते, चमचाभर मध घ्या, मॅग्नेशियम सुरू करा, खोल खोल श्वास घ्या.’ यातलं ‘घाबरू नका’ तेवढं ठीक आहे.

आधी अँक्झायटी. ती असू शकते, नाही असं नाही. पॅनिक अटॅक झोपेतही येतो, तोही बहुतेकदा वाईट स्वप्नाशिवाय. माणूस दचकून उठतो, छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय कापतात आणि काही मिनिटांत जोर ओसरू लागतो. कधी थरथर फक्त आतून जाणवते. दिव्याखाली हात धरला तर तो स्थिर दिसतो. म्हणून ती खोटी ठरत नाही.

पण थायरॉईड जास्त काम करत असेल तरी धडधड, घाम आणि कंप असू शकतो. सोबत भूक असूनही वजन उतरतं, उकाडा सोसत नाही. डॉक्टर हात पुढे ताणायला सांगून बोटांवर कागद ठेवतात तो यासाठीच: नुसत्या डोळ्यांना न दिसणारी थरथर कागदाच्या कडेला दिसते. मग टीएसएचची, म्हणजे थायरॉईडचं काम दाखवणारी, साधी रक्ततपासणी. जोरात घोरणं, मधेच श्वास अडकून उठणं, सकाळी डोकं जड असणं, असं असेल तर स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपानेही हात कापतात. डिप्रेशनच्या काही गोळ्या नव्याने सुरू केल्यावर किंवा एकदम बंद केल्यावर असं होऊ शकतं. रोज पिणाऱ्याची दारू सुटली की काही तासांतच कंप सुरू होतो, आणि तो घरी अंगावर काढायचा प्रकार नव्हे. यातलं काहीही न विचारता ‘तपासण्या नकोत’ म्हणणं मला सरळसरळ बेजबाबदार वाटतं.

शुगरचं म्हणाल तर, डायबिटीस नसलेल्या निरोगी माणसाचं यकृत रात्रभर साठ्यातली साखर रक्तात सोडत असतं, म्हणून ती सहसा अशी उतरत नाही. मध खाल्ल्यावर बरं वाटलं हा पुरावा कसा? अटॅक तसाही ओसरणारच होता. डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांनी थरथर ‘टेन्शन’ समजून झोपून जाऊ नये. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा आला तर साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. मीटर हाताशी नसेल तरी थांबू नये, साखर घ्यावी. आणि हे पुन्हा घडत असेल तर डॉक्टरांशी डोसबद्दल बोलायचं. रोज मध खाऊन ते झाकायचं नाही.

मॅग्नेशियम कमी असेल तरच ते भरून काढण्यात अर्थ. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर मनाने घेऊच नये.

राहिला श्वास. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात ‘खोल खोल’ म्हटलं की कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि भीती वाढते. श्वास सावकाश सोडण्याकडे लक्ष द्या, घेणं आपोआप होतं. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, जीभ चावली गेली असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर हेही करत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.