ऑफिसच्या रिनोव्हेशनमध्ये लिटरचा रकाना कुठे आहे?

ऑफिसचं रिनोव्हेशन निघालं की फॉल्स सीलिंग आणि रिसेप्शनमागच्या भिंतीवर मीटिंगांमागून मीटिंगा होतात. टॉयलेटची पाळी येते शेवटी, आणि तिथेही वाद टाइल्सच्या रंगावरून. बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या आणि सामानाच्या दरांच्या यादीत, नळाचा ब्रँड, फिनिश, दर सगळं असतं, फक्त तो मिनिटाला किती पाणी ओततो ते नसतं. माझं म्हणणं एवढंच, की दराच्या शेजारी लिटरचा रकाना हवा. कमर्शियल इमारतीत टॉयलेट एकदा केलं की पुढची दहा-पंधरा वर्षं कुणी टाइल्स फोडायला तयार नसतं. भिंत उघडी असताना जे बसलं ते बसलं.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ऑफिससाठी माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरलंय, त्यातलं २० लिटर नुसतं फ्लशला. हिशेब करून बघा. समजा ऑफिसात ८० बायका आहेत आणि प्रत्येकीचा दिवसाला तीनदा फ्लश. जुन्या १० लिटरच्या टाकीने २४०० लिटर गेले. ड्युअल फ्लशचं ३ लिटरचं बटण दाबलं तर ७२०, आणि दर वेळी ६ लिटरचं मोठं बटण दाबलं तरी १४४०. आता ही बटणं इतकी मिनिमल की छोटं कुठलं, मोठं कुठलं कळत नाही, मग माणूस दोन्ही एकदम दाबतो. डिझायनर मंडळींना हात जोडून विनंती, काहीतरी खूण ठेवा.

पुरुषांच्या बाजूला खरी गंमत असते. जुन्या इमारतींत युरिनलच्या डोक्यावर एक सामाईक टाकी असते. बारीक धारेने ती भरत राहते आणि भरली की सायफनने धाडकन रिकामी होते, खाली कुणी असो वा नसो. १० लिटरची टाकी दर पंधरा मिनिटांनी ओतली तर ऑफिस बंद असतानाच्या १४ तासांत ५६० लिटर गटारात. रविवारी तर पुरते ९६०. रिनोव्हेशनमध्ये या टाकीला नवा रंग लावून परत बसवलेलीही मी पाहिली आहे! तिथे सेन्सर लावा किंवा दाबल्यावरच पाणी सोडणारा साधा पुश कॉक, पण ती टाकी काढा.

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत बोअर आटले, तेव्हा तिथल्या जलमंडळाने ऑफिसं, मॉल, हॉटेलं अशा सगळ्यांना नळाला एरेटर ही पाणी वाचवणारी जाळी लावणं सक्तीचं केलं. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणणारं शहर ते. पुण्यात हिंजवडी-बाणेरकडे उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात, तरी आपण अजून टाइल्सच्या रंगातच.

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी छोटी जाळी. पाण्यात हवा मिसळते, धार भरलेली वाटते, आणि मिनिटाला १०-१२ लिटर सोडणारा नळ ३-४ लिटरवर येतो. किंमत किरकोळ. पण नुसता लावून भागत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर काही महिन्यांत जाळीवर क्षार बसतात, धार वाकडीतिकडी उडते, लोक तक्रार करतात आणि हाउसकीपिंगवाला जाळी काढून कचऱ्यात टाकतो. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की व्हिनेगरमध्ये भिजवली की ती साफ होते. वरच्या मजल्यावर प्रेशर आधीच कमी, तिथे तोच एरेटर लावला तर नुसते थेंब पडतात, म्हणून प्रेशर मोजून एरेटर निवडावा लागतो.

आणि कृपा करून कमोडच्या जुन्या भांड्यावर नवी कमी लिटरची टाकी बसवून पैसे वाचवू नका. ते भांडं जास्त पाण्यासाठी घडवलेलं असतं. एका फ्लशमध्ये साफ होत नाही, लोक दोनदा दाबतात आणि वर म्हणतात, पाणी वाचवणारे फ्लश बोगस असतात. भांडं आणि टाकी जोडीनेच घ्या.

हे सगळं अडतं कुठे? पाण्याचं बिल मेंटेनन्समध्ये स्क्वेअर फुटावर वाटलं जातं. भाडेकरूने नळ बदलले तरी त्याचं बिल उतरत नाही, आणि मालक म्हणतो टँकरचे पैसे भाडेकरूच देतात, मी कशाला खर्च करू. मजल्यागणिक मीटर बसवला की दोघांचीही भाषा बदलते. पाइपांचा शाफ्ट उघडा असताना तो बसवणं काहीच अवघड नाही.

पुढच्या वेळी डीलरने कॅटलॉग पुढे केला की लिटर विचारा. तो ‘सर, एकदम वॉटर सेव्हिंग आहे’ म्हणाला तर त्याच्या डिस्प्लेचा नळ चालू करायला सांगा, खाली मापाची बादली ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा.