आटे घालवावेत तर असे

चाकाचा स्टड ही मुळात फार चिवट वस्तू आहे. हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागातून) बाहेर डोकावणारा, ज्यावर चाकाचा नट आवळतात असा, जेमतेम 12 मिलिमीटर जाडीचा हा पोलादी दांडा गाडीच्या आयुष्यभर पुरेल अशाच बेताने बनवलेला असतो. तेव्हा तो सहजासहजी बिघडेल या भ्रमात राहू नका. तो बिघडवायला सातत्य लागतं आणि चार जणांची साथ लागते: तुमची, टायरवाल्याची, सर्व्हिसिंगच्या पोराची आणि बाजूला उभं राहून ‘अजून जरा आवळ’ म्हणणाऱ्या काकांची.

सुरुवातीलाच एक पथ्य. गाडीबरोबर आलेलं पुस्तक खणातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नका. नट किती आवळायचा याचा आकडा त्यात छापलेला असतो आणि तो एकदा वाचला की हात आखडतो. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांना 85 ते 100 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप), होंडाच्या बहुतेक कारना 108, स्कोडा-फोक्सवॅगनला साधारण 120. (या शेवटच्या मंडळींकडे स्टडच नसतो, 14 मिलिमीटरचा बोल्ट सरळ हबमध्ये जातो. म्हणजे आटे गेलेच तर हबचेच जातात. जास्तीची सोय.) आपल्याकडे ‘फुल टाईट’ हे एकच माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असताना या आकडेमोडीची गरजच काय?

नट लावताना बोटं वापरू नका. खरा पाया इथेच घातला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोटांना कळतं, हीच अडचण आहे. नट सरळ लागला असेल तर तो पहिल्या आट्यापासून रिमला टेकेपर्यंत सुळसुळीत जातो. तिरका असेल तर एका फेऱ्यातच अडतो, आणि मग तो उलटा फिरवून पुन्हा लावायची दुर्बुद्धी सुचते. त्यापेक्षा नट थेट टायरवाल्याच्या नट आवळायच्या गनच्या सॉकेटमध्ये घाला, सॉकेट स्टडच्या टोकावर अंदाजाने टेकवा आणि घोडा दाबा. हवेवर चालणारी अर्ध्या इंचाची गन 500 न्यूटन-मीटर सहज देते. नट सरळ आहे की तिरका, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तो स्वतःचा नवा रस्ता कापत आत जातो. चाक हबवर नीट टेकवून न धरता स्टडवर तसंच लोंबकळत ठेवलंत तर तिरकेपणासाठी वेगळे कष्टही पडत नाहीत. पुढच्या पंक्चरला नट काढताना त्याच्याबरोबर केसाएवढी बारीक, चकचकीत पोलादी गुंडाळी बाहेर आली की समजा काम फत्ते. ते स्टडचे आटे.

गन नसेल तर नटांची सरमिसळ करा. मारुती-सुझुकीचे स्टड 12 बाय 1.25, तर ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे 12 बाय 1.5. जाडी तीच, फक्त दोन आट्यांमधलं अंतर एकीकडे सव्वा मिलिमीटर आणि दुसरीकडे दीड. टायरवाल्याच्या डब्यात हे सगळे नट गुण्यागोविंदाने एकत्र नांदत असतात आणि नुसत्या नजरेला सगळे सारखेच दिसतात. चुकीचा नट दीड-दोन फेरे निमूट जातो, मग थांबतो. इथे ‘गंजलाय वाटतं’ असं म्हणायचं आणि पाना मारायचा. एकाच झटक्यात नट आणि स्टड दोन्ही कामातून जातात.

आता आवळणं. पान्यावर उभे राहा. 75 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की 220 न्यूटन-मीटर होतात, म्हणजे पुस्तकातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. वजनाचं पाठबळ नसेल तर पान्यात मीटरभर लांब पाइप घाला. मग 40 किलोचा जोर लावला तरी जवळपास 400 होतात. घट्ट नट म्हणजे सुरक्षित चाक, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तुम्हाला कोणी अडवणार नाही, उलट कौतुकच होईल.

यात बिघडतं काय, तेही माहीत असावं. नट आवळताना स्टड ताणला जातो आणि त्या ताणामुळेच चाक हबवर दाबून धरलं जातं. 12 मिलिमीटरच्या कोरड्या स्टडवर 100 न्यूटन-मीटर लावले की साधारण 40 किलोन्यूटन ताण येतो. म्हणजे प्रत्येक नट चाकाला चार टनांनी दाबतो आणि चार नट मिळून सोळा टनांनी. गाडीचं वजन पेलतं ते चाक आणि हब यांच्यामधलं घर्षण. स्टडने फक्त दाबून धरायचं असतं. हा ताण मर्यादेत असेपर्यंत नट सोडला की स्टड मूळ लांबीवर परत येतो. 10.9 दर्जाच्या (ही पोलादाच्या ताकदीची एक प्रत) स्टडची ही मर्यादा साधारण 70 किलोन्यूटनच्या आसपास असते, आणि पान्यावर उभं राहून तुम्ही 90 च्या घरात पोहोचलेले असता. मग पायजम्याच्या जुन्या इलॅस्टिकसारखं होतं: लांबी वाढते, ओढ जाते. अशा स्टडला कितीही आवळा, तो दाबत नाही, नुसता आणखी लांबतो.

लांबलेला स्टड ओळखायची एक वाईट सवय काही मिस्त्र्यांना असते. ते कोरा नट हाताने फिरवत नेतात. टोकाकडचे काही आटे तो झरझर जातो आणि ताणल्या गेलेल्या भागापाशी येऊन अडतो, कारण तिथे आट्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. शंका आली तर आट्यांचा गेज लावतात, आणि गेजच्या दातांखालून उजेड दिसला की स्टड बदला म्हणतात. अशा मिस्त्र्याकडे पुन्हा जाऊ नका.

ग्रीसबद्दल थोडं. कोकणातल्या खाऱ्या हवेत, चार महिन्यांच्या पावसात नट गंजतात, हे खरं. म्हणून आट्यांवर आणि नटाच्या रिमला टेकणाऱ्या उतारावर बोटभर ग्रीस थापा. पुस्तकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. नटावर लावलेल्या जोराचा सुमारे दहावा हिस्साच स्टड ताणण्यात जातो, बाकीचा घर्षण खातं. ग्रीसने ते घर्षण कमी केलं की त्याच 100 न्यूटन-मीटरमध्ये स्टड दीडपट ताणला जातो. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला ‘कट्ट’ वाजणारा पाना) लावूनही स्टड घालवायचा असेल तर याहून सभ्य उपाय नाही. तारेच्या ब्रशने आटे साफ करून नट कोरडाच लावणारे, आणि फार तर हबच्या मधल्या गोल कडेला, जिथे रिम चिकटतं, तिथे ग्रीसचा पुसट हात फिरवणारे लोक या आनंदाला मुकतात.

घट्ट करण्याचा कंटाळा आला असेल तर सैल ठेवूनही तोच मुक्काम गाठता येतो. हबच्या तोंडावरचे गंजाचे पोपडे आणि चिखल तसेच राहू द्या. आज नट त्यांच्यावर घट्ट बसतो, दोन दिवस खड्ड्यांतून हिंडलं की पोपडे चिरडतात आणि नट ढिला पडतो. अलॉय रिम रंगवून आणलं असेल आणि नट बसतात त्या खोलगट जागेतही रंगाचे दोन जाड थर दिले असतील, तर मग विचारायलाच नको. चाक काढून लावल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत असं सांगतात. तो सल्ला नव्या अलॉयच्या खोक्यातच राहू द्या. नटाभोवती किरणांसारखे तांबूस ओघळ दिसू लागले तर नट हलतोय असा अर्थ होतो. गाडी धुऊन घ्या, जातात. एकदा घर्षण सुटलं की चाक स्टडवर आदळू लागतं, भोकं अंडाकृती होतात, आणि स्टड वाकवून वाकवून तुटतो, आपण वायर वाकवून तोडतो तसाच.

नटाच्या बुडाचा आकारही दुर्लक्षिण्याजोगा आहे. कुठे 60 अंशांचा उतार, होंडाच्या मूळ रिमला गोलसर बूड, टोयोटाच्या काही अलॉयना चपटं वॉशर. उताराचा नट गोलसर खोलगटीत बसवला तर पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, नुसती एक बारीक कड टेकते. हाताला मात्र मस्त घट्ट लागतो! स्टेपनी लोखंडी रिमची आणि बाकी चाकं बाजारातल्या अलॉयची असतील, तर स्टेपनीला चालणारे नट वेगळे लागू शकतात हे रात्री अकराला घाटातच कळू द्यावं.

कोपरे झिजवण्याचं काम सोपं आहे. चकचकीत टोपीचे नट घ्या, ज्यांच्यावर पातळ पत्र्याचं आवरण असतं. आत गंज धरला की आवरण फुगतं आणि 19 चा पाना जाईनासा होतो. मग 20 चा किंवा 21 चा ढगळ पाना लावून हिसका द्या. सहा कोपऱ्यांच्या सॉकेटऐवजी बारा कोपऱ्यांचं झिजकं सॉकेट मिळालं तर उत्तम. चोरांसाठी लावलेल्या लॉकनटची चावी गनने फिरवा. तिच्या नाजूक नक्षीने जीव सोडला की चोर आणि तुम्ही एकाच पातळीवर येता.

नट फुलीच्या क्रमाने नव्हे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकापाठोपाठ एक, आणि पहिलाच नट फुल टाईट करून लावा. चाक एका अंगाला कलतं, ब्रेकच्या डिस्कवर असमान दाब येतो, आणि थोड्याच दिवसांत ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मग डिस्क बदला. नव्या डिस्कवरही चाक त्याच पद्धतीने लावा.

इतकं सगळं करूनही एखादा स्टड तुटायला वेळ लावेल, पण तुटेल. तुटल्यावर तीन नटांवर निर्धास्त फिरा. तुटलेल्याचा भार शेजारच्या दोघांनी आधीच सोसलेला असतो, म्हणून शहाणे लोक तेही बदलायला सांगतात. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा लाड कशाला? बदलायचाच झाला तर हबवर घणाचे घाव घालून स्टड बाहेर काढा, म्हणजे बेअरिंगही सोबतच बदलायला येईल. नवा स्टड घेताना लांबी आणि आटे बघा, पण मानेजवळच्या दातेरी भागाचा व्यास अजिबात मोजू नका. तो थोडा बारीक निघाला की स्टड हबमध्ये गरगर फिरतो, नट ना आत जातो ना बाहेर येतो, आणि शेवटी वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागतं.

एवढ्यावरही कोणी दोन-तीन हजार खर्चून टॉर्क रेंच आणलाच, तरी हताश होऊ नये. जाम झालेले नट सोडवायला तोच वापरा. ‘कट्ट’ आवाज आल्यावर खात्रीसाठी आणखी तीनदा ओढा. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सैल न करता 120 वरच ठेवून डिकीत टाका. वर्षभराने तो दाखवेल त्या आकड्याचा आणि नटाचा काही संबंध उरणार नाही. मग तो शेजारच्या काकांना उसना द्या.