पुरावा जोडा

चिरंजीवांच्या शाळेने शुक्रवारी एक फाईल घरी धाडली आणि आमचा मासळीचा रविवार बुडाला. वर इंग्रजीत छापलेले : 'माय अचिव्हमेंट्स अँड गोल्स'. एका रकान्यात मुलाने काय मिळवले, दुसऱ्यात त्याचा पुरावा, तिसऱ्यात पुढे काय मिळवायचे. सोमवारी भरून द्यायची. मुलगा सातवीत. त्याने आजवर मिळवले ते मुख्यतः शेजाऱ्यांच्या झाडावरचे आंबे, आणि तो पुरावा आम्ही सगळ्यांनी मिळून केव्हाच खाल्ला.

विलायतेत हे खूळ जुने. तिथे 1991 पासून शाळा सोडणाऱ्या मुलांना सरकारी मरून रंगाचे फोल्डर मिळे, 'नॅशनल रेकॉर्ड ऑफ अचिव्हमेंट' नावाचे. लंडनला वाढलेला माझा मावसभाऊ ते छातीशी धरून पहिल्या मुलाखतीला गेला. साहेबाने उघडलेसुद्धा नाही. पुढे योजना बदलून 'प्रोग्रेस फाइल' आली. फोल्डर मात्र चिवट; मावशी त्यात अजून विजेची बिले ठेवते.

आपल्याकडे 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 360 अंशांचे प्रगतिपत्रक काढले. म्हणजे शिक्षक लिहिणारच, शिवाय मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्याने त्याच्याबद्दल लिहायचे. सोबत्याने लिहिले होते : 'चांगला आहे. डब्यात सुंगटे (कोळंबी) असली की लपवतो. भेंडी असली की देतो.' इतके नेमके मूल्यमापन माझ्या नोकरीत कुणी केले नाही.

घोडे अडले पुराव्यापाशी. प्रमाणपत्रे होती, पण फोंड्याच्या पावसात कपाटात काय टिकते? चित्रकलेच्या प्रमाणपत्रावर बुरशीने नाव खाल्ले होते; 'उत्तेजनार्थ' तेवढे शिल्लक. चवथीला पोरगा आरतीत घुमट, म्हणजे मातीचे चर्मवाद्य, वाजवतो. 2019 पासून घुमट हे गोवा राज्याचे वारसा-वाद्य, म्हणजे वाद्याला सरकारी मोहोर आहे; वाजवणाऱ्याला नाही. (मलाही हाच अनुभव. जत्रेच्या नाटकात मी पहारेकरी होतो. वाक्य एकच, 'महाराज, दूत आला आहे.' ते मी दूत निरोप सांगून परत गेल्यावर म्हटले. प्रमाणपत्र कुणी दिले नाही, पण साक्षीदार गावभर आहेत.)

तोवर चिरंजीवांनी 'गोल्स'चा रकाना स्वतः भरला : '3. त्यातला 1 आमच्याच बाजूला.'

"अरे, गोल्स म्हणजे ध्येय!"

"पण पपा, टीचर म्हणाली, मोजता यायला हवेत."

मी हात टेकले. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेऊन आली. तिच्या बारीक अक्षरात चौकोन भरलेले : 'गॅस आला', 'दूध नाही', 'नारळ पाडले 84', आणि मे महिन्याच्या एका तारखेखाली 'बाळ तळीत पोहला. एकटा.'

तारीख, घटना, साक्षीदार. एवढा पक्का पुरावा शाळेलाही मिळाला नसता. मी मेचे पान फाडले, फाईलला टाचले आणि सोमवारी पाठवून दिले.

मंगळवारी सकाळी चहा ठेवताना शेगडी विझली. आता गेला सिलिंडर कधी आला होता ते शाळेत जाऊन विचारायचे आहे.