चौथ्या वर्षाचा पैसा

धाकटी कट्ट्यावर आली, सॅक मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "फेलोशिपची जाहिरात आली आहे. वैद्यकीय आणि आरोग्य विषयांतल्या पीएचडीसाठी, फक्त मुलींना. भरू की नको, कळत नाही."

"त्यात कळायचं काय? भर," असं मी म्हणणार, तेवढ्यात वकील म्हणाला, "नको भरूस."

आणि मग दोन तास कुणी उठलं नाही.

आमच्यात एकमेकांना नावाने कुणी हाक मारत नाही. वकील खरोखरच वकिली करतो. मास्तर संख्याशास्त्र शिकवतात. ताईने औषधशास्त्रात पीएचडी केली आणि आता ती स्वतः गाइड आहे. धाकटीला हृदयविकारावर संशोधन करायचंय. मी माझी पीएचडी चौथ्या वर्षी सोडली. हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे आणि त्या संध्याकाळी त्याचा विषय निघणार हेही मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

वकिलाच्या म्हणण्यात वाईट हेतू नव्हता. धाकटीचा त्याला अभिमान आहे. तो म्हणाला, "तू हुशार आहेस. खुल्या स्पर्धेत तुला मिळेल. ही घेतलीस तर लोक म्हणणार, बायकांसाठी वेगळी ठेवलेली होती म्हणून मिळाली. हा शिक्का कशाला लावून घेतेस? पैसे गुणवत्तेला मिळावेत, बाईला किंवा पुरुषाला नाही."

"गुणवत्ता मोजतं कोण?" मास्तरांनी विचारलं.

"समिती."

"मग समितीलाच कुणी मोजलंय का, ते बघू." मास्तर पुढे सरसावून बसले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत माहीत होती, सलग त्या दिवशीच कळली. १९९५ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे पीएचडीनंतरच्या फेलोशिपसाठी ११४ अर्ज आले. ६२ पुरुषांचे, ५२ स्त्रियांचे. जागा २०. त्यांतल्या १६ पुरुषांना मिळाल्या, ४ स्त्रियांना. क्रिस्टिन वेन्नेरोस आणि ॲग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी परीक्षकांची गुणपत्रकं मागितली. परिषदेने दिली नाहीत. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांनी ती मिळवली. प्रत्येकीचे, प्रत्येकाचे प्रकाशित निबंध एकीकडे आणि परीक्षकांनी दिलेले गुण दुसरीकडे, असं मांडून पाहिलं. सर्वसाधारण पुरुषाला जेवढे गुण मिळत होते तेवढे मिळवायला स्त्रीला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. १९९७ मध्ये हे 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. परीक्षकांच्या ओळखीतला उमेदवार असला तर त्याला वेगळा फायदा होता, हेही त्यातच दिसलं.

"तीस वर्षांपूर्वीचं आहे हे," वकील म्हणाला.

"आहे. आणि तुझ्या बाजूचंही सांगतो," मास्तर म्हणाले. मला मास्तरांचं हेच आवडतं. "त्याच परिषदेचे २००४ चे अर्ज दुसऱ्या संशोधकांनी तपासले. तेव्हा स्त्रियांना उलट थोडे जास्त गुण मिळाले होते. ओळखीचा फायदा मात्र होता तसाच होता."

"बघा! म्हणजे सुधारलं."

"सुधारलं. पण आपोआप नाही. आधी कुणीतरी कोर्टात जाऊन कपाट उघडायला लावलं होतं."

वकील यावर गप्प राहिला. कोर्टाने कागद उघडायला लावणं म्हणजे काय, हे आमच्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही.

मास्तरांनी आणखी एक अभ्यास सांगितला, २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. कॅनडाच्या आरोग्य संशोधन निधीच्या सुमारे २४ हजार अर्जांचा. परीक्षकांना 'हे संशोधन कसं आहे' असं विचारलं तेव्हा स्त्रियांच्या यशाची टक्केवारी पुरुषांपेक्षा ०.९ ने कमी होती. 'हा संशोधक कसा आहे' असं विचारलं तेव्हा तोच फरक ४ झाला.

"हे मात्र पटतं," वकील म्हणाला. "न्यायाधीशाने खटला बघावा, पक्षकाराचं तोंड बघू नये."

इथे ताई पहिल्यांदा बोलली. "तोंड न बघता शिष्यवृत्ती दिली की काय होतं, ते मी सांगते." आणि तिने फ्रान्सिस केल्सी यांची गोष्ट सांगितली. लग्नाआधीचं आडनाव ओल्डहॅम. १९३६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातल्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकांना काम मागणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं, संशोधन सहायकाची जागा आणि पीएचडीसाठी शिष्यवृत्ती, दोन्ही मंजूर. पत्राचा मायना मात्र 'मिस्टर ओल्डहॅम' असा होता. इंग्रजीत हे नाव बायकांचंही असतं आणि पुरुषांचंही, फरक फक्त एका अक्षराचा. प्राध्यापकांनी ते पुरुषाचं समजलं होतं. आपण बाई आहोत हे कळवावं का, असं तिने आपल्या जुन्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, वेडेपणा करू नकोस, सही कर आणि नीघ.

"तिथे विद्यार्थिनी असतानाच, १९३७ मध्ये, शंभरावर माणसांचा जीव घेणाऱ्या एका पातळ औषधाचा तपास तिच्या गाइडच्या प्रयोगशाळेत आला. त्यातला विषारी द्रव कोणता, हे शोधण्यात ती होती. औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे का हे बघायची सक्तीच नव्हती तेव्हा. पुढच्या वर्षी तिला पीएचडी मिळाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत तो कायदाही झाला. मग १९६० मध्ये, सरकारी औषध परीक्षक म्हणून, तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड आलं, झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीवर देत ते औषध."

पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ताई बोलत राहिली. कंपनी पुन्हापुन्हा तगादा लावत होती आणि केल्सीबाई पुन्हापुन्हा पुरावा मागत होत्या. ज्या देशांत ते औषध विकलं गेलं तिथे दहा हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत त्याला त्यांनी परवानगी दिली नाही.

"एका पत्रातल्या गैरसमजामुळे तिला ती शिष्यवृत्ती मिळाली," ताई म्हणाली. "गैरसमज झाला नसता तर मिळाली असती का, सांग मला."

वकिलाकडे उत्तर नव्हतं. पण तो हटणाऱ्यांतला नाही. "तेव्हाचं तेव्हा. आज अर्जावर बाईचं नाव बघून कोण नाकारतं?"

"मला नाकारलं जाण्याची भीती नाहीये," धाकटी म्हणाली. इतका वेळ ती ऐकत होती. "मिळेल कुठली ना कुठली. मला भीती आहे ती पीएचडी पूर्ण न होण्याची."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती, हे मला कळलं. म्हणून मीच बोलले.

माझी फेलोशिप तीन वर्षांची होती. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात गेलं. एथिक्स कमिटीची मंजुरी यायला सात महिने लागले. मंजुरीशिवाय एकाही रुग्णाला एक प्रश्नसुद्धा विचारता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण त्या सात महिन्यांत फेलोशिपचं घड्याळ थांबत नाही. माझा विषय गरोदरपणातला रक्तदाब. अभ्यासात शेवटची बाई दाखल झाली की तिचं बाळंतपण होऊन वर सहा आठवडे जाईपर्यंत थांबायचं. त्यात घाई करता येत नाही. याच काळात मला स्वतःला मूल झालं. संस्थेने रजा दिली, रजेतलं विद्यावेतन दिलं नाही, आणि मुदत एका दिवसानेही वाढवली नाही. तिसरं वर्ष संपलं तेव्हा डेटा पूर्ण हातात होता, विश्लेषण आणि लिखाण बाकी होतं. आठ-दहा महिन्यांचं काम. तेवढे महिने घरखर्चात माझा वाटा कुठून आणायचा, याचं उत्तर मला सापडलं नाही. चौथ्या वर्षी तीन महिने ओढले आणि नोकरी धरली.

"पदवी गेली याचं दुःख होतंच," मी म्हणाले, "पण मला रात्री जाग येते ती वेगळ्या गोष्टीने. शंभरावर बायकांनी मला रक्त काढू दिलं. पाय सुजलेले असताना माझ्या प्रश्नावल्या भरून दिल्या. 'आमचं झालं ते झालं, पुढच्या बायकांना उपयोग होईल' असं त्या म्हणायच्या. ते सगळे कागद विभागाच्या कपाटात बंद आहेत. त्यांचा कुणाला उपयोग झाला नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मला या विषयात एवढंच म्हणायचं असतं आणि लोक ते ऐकून घेत नाहीत, म्हणून इथे लिहिते. शिष्यवृत्तीची चर्चा निघाली की सगळे जण 'कुणाला द्यायची' यावर भांडतात. किती दिवस द्यायची, कुठल्या महिन्यात ती थांबते, यावर भांडत नाहीत. आरोग्यातलं संशोधन अर्ध्यावर सुटतं तेव्हा ज्या रुग्णांनी त्यासाठी आपलं शरीर आणि वेळ दिलेला असतो त्यांचंही देणं बुडतं.

वकील हलक्या आवाजात म्हणाला, "पण हे पुरुषालाही होऊ शकतं. तीन वर्षांत काम न संपणं."

"होतं," ताई म्हणाली. "माझ्या हाताखालच्या मुलांनाही होतं. मुदत सगळ्यांनाच वाढवून द्यावी, माझी ना नाही. पण बाळंतपण पुरुषाला होत नाही. आणि आजारी सासू-सासरे, आईवडील यांच्यापाशी बसायला कोण जातं, हे तू तुझ्याच घरात बघ. डॉक्टर मुलगी पीएचडीला येते तेव्हा आधीच पदवी, पदव्युत्तर शिक्षण करून आलेली असते. तिशी उजाडलेली असते. वयाची अट आणि मूल होण्याचं वय एकाच ठिकाणी येऊन आदळतात."

मग तिने जर्मनीतल्या एका फाउंडेशनबद्दल सांगितलं आणि ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांना १९९५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००४ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं. प्रायोगिक विज्ञान आणि वैद्यकशास्त्रातल्या, लहान मुलं असलेल्या संशोधिकांना ते दरमहा पैसे देतं, पीएचडी करणाऱ्यांनाही. हे पैसे प्रयोगशाळेसाठी नसतात. घरकामाला माणूस ठेवा, मुलाला सांभाळायला कुणी ठेवा आणि तो वेळ कामाला द्या, यासाठी असतात. विद्यावेतन दुसरीकडून मिळत असलं तरी चालतं.

"म्हणजे त्यांनी वेळ विकत घेऊन दिला," मास्तर म्हणाले.

"हे मला मान्य आहे," वकील म्हणाला, आणि कट्ट्यावर पहिल्यांदाच तो पूर्ण वाक्य मान्य करत होता. "गुणवत्तेची स्पर्धा सगळ्यांची एकच ठेवा. अडचणीचा खर्च ज्याचा त्याला वेगळा द्या. यात शिक्का कुठला?"

मला त्याचं निम्मं पटतं. निवडीच्या समित्या अजून इतक्या स्वच्छ झालेल्या नाहीत की वेगळ्या जागा बंद कराव्यात. त्यावर आम्ही पुन्हा थोडे भांडलो, ते सगळं इथे देत नाही.

धाकटीची दुसरी अडचण जाहिरातीतल्या एका ओळीत होती: 'स्त्रियांच्या आरोग्याशी निगडित विषयांस प्राधान्य'. तिला राग त्याचा आला होता. "मी मुलगी आहे म्हणून मी गर्भाशयावरच काम करायचं का?"

यावर आमचे दोन तट पडले. मास्तरांचं म्हणणं, प्राधान्याला कारण आहे. १९७७ पासून अमेरिकेत मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचा दंडक होता, तो १९९३ मध्ये गेला. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा डोस स्त्रियांसाठी निम्मा करावा हे २०१३ मध्ये सांगितलं गेलं, गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर. आणि जैववैद्यकीय पेटंटांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की फक्त स्त्रिया असलेल्या गटाचा शोध स्त्रियांच्या आरोग्याविषयी असण्याची शक्यता फक्त पुरुषांच्या गटापेक्षा ३५ टक्के जास्त असते.

"म्हणजे मोकळं सोडलं तरी त्या तिकडे जातातच," धाकटी म्हणाली. "मग अट कशाला?"

मास्तर हसले आणि त्यांनी हात जोडले.

"ट्रूडी एलियनला असं कुणी बांधलं असतं तर?" ताई म्हणाली. ट्रूडी म्हणजे गर्ट्रूड एलियन. १९३७ मध्ये रसायनशास्त्रात पहिल्या श्रेणीत पदवी, घरी पैसा नाही, आणि अर्ज केलेल्या एकाही विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती नाही. नोकरी करत रात्रीच्या वर्गांना पीएचडी सुरू केली. पुढे संस्थेने सांगितलं, पूर्ण वेळ या, नाहीतर सोडा. तिने सोडली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं मर्कॅप्टोप्युरिन, नागिणीवरचं असायक्लोव्हिर, ही तिची कामं. १९८८ चं नोबेल.

"पीएचडीशिवाय!" वकील म्हणाला. "म्हणजे शिष्यवृत्ती नसली तरी—"

"युद्धात पुरुष गेले म्हणून प्रयोगशाळांनी बायकांना घेतलं," ताईने त्याला तोडलं. "तिने स्वतः ते सांगितलंय. ज्यांच्या वेळी युद्ध नव्हतं त्यांची नावं तुला माहीत नाहीत. मलाही नाहीत."

वकिलाने शेवटचा पर्याय काढला: बिनव्याजी कर्ज द्या, कमावल्यावर फेडतील. मारी क्युरींनी नाही का फेडली? हे खरं आहे. १८९३ मध्ये त्यांना पोलंडमधून ६०० रूबलची शिष्यवृत्ती मिळाली आणि पहिल्या कमाईतून त्यांनी ती परत केली, पुढच्या कुणाला तरी मिळावी म्हणून. पण परतफेडीची अट नव्हती, म्हणूनच ती रक्कम घेताना त्यांना गणितात पदवी घ्यायला बसता आलं. डोक्यावर कर्ज असलेली डॉक्टर मुलगी दवाखान्याकडे जाते, प्रयोगशाळेकडे जात नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या बॅचच्या मुलींची नावं घेऊन त्या दिवशी कट्ट्यावर सांगितलं, इथे घेत नाही.

साडेनऊ झाले. धाकटी उठली. तिने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं माध्यम, म्हणजे त्यांना पोसणारा द्रव, बदलायचं होतं, ते रात्री दहाला बदलावं लागतं, रविवार असो की सण. ताई तिला सोडायला निघाली.

"थांब," वकील म्हणाला. "नियमावली दाखव."

त्याने तिचा फोन दिव्याखाली धरला आणि खाली खाली जात वाचत राहिला. पात्रता, वय, विषय हे सगळं त्याने सोडून दिलं. रजेच्या कलमावर येऊन थांबला आणि मोठ्याने वाचलं: "प्रसूती रजेच्या कालावधीत विद्यावेतन देय असेल. मुदतवाढीचा निर्णय संस्थेच्या विवेकाधीन राहील."

"हे 'विवेकाधीन' तुला चौथ्या वर्षी अडवणार," तो धाकटीला म्हणाला. "अर्ज भर. पण त्याआधी त्यांना पत्र लिहून विचार, मुदतवाढ किती आणि पैशासकट की पैशाविना. लेखी उत्तर घे. मसुदा मी करतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझं मंजुरीपत्र आहे का गं अजून? जुनं. त्यातलं कलम मला बघायचंय."

आहे. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेले.