“५८ हजारांचा लॅपटॉप ७ हजारात मागितला” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

शनिवारी संध्याकाळी जुना लॅपटॉप विकायला आलात तेव्हा तुम्हाला पाऊण तास थांबावं लागलं, वहिनी आणि मुलगीही सोबत होत्या, त्याबद्दल दिलगीर आहे. शनिवारी नागपुरात बर्डीवर काय गर्दी असते ते तुम्ही जाणताच. काउंटरवर मी एकटा होतो.

पण तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलं, “५८ हजारांचा लॅपटॉप ७ हजारात मागतात आणि तसलाच काचेत १८ हजारांना लावतात, शुद्ध लूट आहे”, ते काही केल्या गिळवत नाही. थांबावं लागलं म्हणून दोन स्टार कापले असते तर मी एक शब्द बोललो नसतो. “लूट” मात्र मला लागलं. म्हणून सविस्तर लिहितो आहे, मोठं झालं तर माफ करा.

काचेतला तो लॅपटॉप तुमच्यासारखा नाही. स्टिकर दोन्हींवर इंटेलच्या आय फाइव्ह प्रोसेसरचंच आहे, रंगही काळाच, एवढंच सारखं. तुमचा २०१८ च्या सुरुवातीला घेतलेला, आत आय फाइव्ह ७२०० यू, म्हणजे सेव्हन्थ जनरेशन (सातव्या पिढीचा), दोन कोरचा. काचेतला डेलचा लॅटिट्यूड आहे, एट्थ जनरेशन, चार कोरचा. आकडा सातने सुरू होतो की आठने, सगळा भाव तिथेच फिरतो. विंडोज ११ ला इंटेलचं एट्थ जनरेशन किंवा त्यापुढचं लागतं, सेव्हन्थवाले जवळपास सगळे बाहेर. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा मुदतीसाठी नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे काय? तुम्ही म्हणालात, यूट्यूबवर सेव्हन्थवरही विंडोज ११ चढवून दाखवतात. चढतं, मीही चढवून पाहिलंय. पण तसल्या मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग मी गोंदियाहून आलेल्या विद्यार्थ्याला कोणत्या तोंडाने देऊ?

२०२५ च्या ऑक्टोबरनंतर माझ्याकडे असले लॅपटॉप विकायला येणारे वाढले आणि घेणारे कमी झाले. कळमन्याच्या बाजारात आवक वाढली की संत्र्याचं जे होतं तेच इथे. तुम्ही झाड किती वर्षं जपलं हे बाजार विचारत नाही.

आता ७ हजारांचा हिशेब. तुमच्यासमोरच मी बॅटरी रिपोर्ट काढला होता. नवी असताना ४१ वॉट-अवरची बॅटरी, आता फुल चार्ज होऊन १६ भरते. दोष तुमचा नाही, आपल्याकडच्या मे महिन्याची गरमी आणि चोवीस तास चार्जरला लावून ठेवणं, दोन्ही बॅटरी खातात. नवी बॅटरी २,२०० रुपये. डावीकडचा हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी, सुटलाय, ९००. कंपनीचा चार्जर हरवलाय, ७००. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तिच्यावर आज कोणी लॅपटॉप घेत नाही, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, तिचे २,००० धरा. झाले ५,८००. तुमचे ७ हजार मिळवले की १२,८००. असा लॅपटॉप माझ्याकडे १५ हजारांच्या वर जात नाही. खरेदी-विक्रीच्या ८ हजारांच्या फरकावर १८ टक्के जीएसटी, तो त्या ८ हजारांतच धरलेला, म्हणजे १,२२० रुपये. उरले ९८०. त्यात दुकानाचं भाडं, वीजबिल आणि तीन महिन्यांची वॉरंटी. की-बोर्ड गेला म्हणून एक जण परत आला की हेही गेले. याला लूट म्हणता?

तुम्ही ५८ हजारच धरून बसलात. टॅक्सच्या हिशेबातसुद्धा कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. त्या रेटने तुमच्या ५८ हजारांचे चार वर्षांत ७,५१७ होतात, आणि तुमच्या लॅपटॉपला त्याच्या दुप्पट वर्षं होऊन गेली. ओएलएक्सवर तसलाच २० हजारांना दाखवलात, पण तिथे लोक किती मागतात तेवढंच दिसतं, हातात किती पडले ते नाही.

भाव टिकतो तो लेनोव्होच्या थिंकपॅड टी सिरीजचा, डेलच्या लॅटिट्यूडचा, एचपीच्या एलिटबुकचा. कंपन्यांसाठी बनवलेला माल, बॉडी मजबूत, पार्ट सहज मिळतात. २०२० च्या शेवटी आलेल्या ॲपलच्या एम वन मॅकबुक एअरला तर अजून विचारणा आहे. तुमचा तसा असता तर मीच मागे लागलो असतो.

आणखी एक. बिल आणि आधार मागितलं तेव्हा तुम्ही “आम्ही चोर आहोत का” म्हणालात. भाऊ, हे मी सगळ्यांना मागतो. उद्या चोरीचा माल निघाला तर पोलिसांसमोर मला उभं राहावं लागतं. “कुणाचा हात लागला नाही” असंही तुम्ही सांगितलं. खालच्या झाकणाचे दोन स्क्रू नव्हते, म्हणजे कुणीतरी उघडला होता. घरचे सोबत होते म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही, आज बोलावं लागलं.

जून-जुलैत ॲडमिशनच्या वेळी चंद्रपूर, भंडाऱ्याची पोरं आधी रिव्ह्यू बघतात, मग बस पकडतात. वर तुमचा एक स्टार दिसला तर ते दुसरीकडे वळतात. वर्षाची कमाई त्याच दोन महिन्यांत आहे हो. म्हणून विनंती आहे, स्टार तुमच्या मर्जीने द्या, पण “तसलाच” एवढा शब्द तरी काढा.

आमच्याकडून, काचेतल्या प्रत्येक लॅपटॉपवर जनरेशनची चिठ्ठी लावायचं मनात आहे, बसायलाही काहीतरी सोय करतो.

७ हजारांचा भाव या महिन्यात तरी बदलणार नाही. पण माझं ऐकाल तर विकू नका. एसएसडी टाका, विंडोजऐवजी लिनक्स भरून देतो, मजुरी घेणार नाही, मुलीच्या अभ्यासाला आणखी दोन-तीन वर्षं चालेल. विकायचाच असेल, कुठेही विका, तर आधी हार्ड डिस्क पूर्ण साफ करून घ्या. घरचे फोटो आणि बँकेचे कागद त्यात तसेच आहेत. आणि इकडे यायचं झालं तर शनिवार सोडून सकाळी ११ च्या सुमारास या, बिल सोबत ठेवा.